डिकीचा मान

पुण्या-मुंबईच्या कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळावर एक फेरी मारावी. छाती काढून उभ्या असलेल्या उंचपुऱ्या एसयूव्हींच्या रांगेत मधेच एखादी आखूड शेपटीची मोटार दिसते. पुढून पाहिले तर ती स्विफ्ट, इंडिका किंवा पोलो वाटते. बाजूला गेल्यावर मात्र मागच्या दारापलीकडे एक छोटीशी पेटी चिकटवल्यासारखी दिसते. छप्पर उंच, बॉनेट आखूड आणि डिकी त्याहूनही आखूड. चित्रकलेच्या तासाला कागद संपत आल्यावर मुलाने घाईघाईने मोटारीची मागची बाजू उरकावी, तसा काहीसा हा प्रकार असतो.

हॅचबॅकला डिकी जोडून तयार केलेली ही सेडान. तिच्या मालकाने मोटारींच्या शौकीन मित्रांकडून दोन टोमणे हमखास ऐकलेले असतात. पहिला, ‘शेपूट लावलेली हॅचबॅक’. दुसरा अधिक बोचरा, ‘ही तर टॅक्सीची गाडी!’ दोन्ही टोमण्यांत तथ्य आहे. तरीही या मोटारी गेली कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर टिकून आहेत आणि त्यांचे चाहतेही आहेत. देखणेपणाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या या वाहनात लोकांना काय आवडते, हे समजून घ्यायचे तर आधी डिकीचा इतिहास पाहावा लागतो.

तीन खोक्यांची प्रतिष्ठा

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन मोटारींनी आपल्या कित्येक पिढ्यांच्या मनात मोटारीचे चित्र पक्के केले. पुढे इंजिनाचे खोके, मध्ये माणसांचे, मागे सामानाचे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि या चित्राला पहिला धक्का बसला. गाडी चपळ होती, स्वस्त होती. पण तिला वेगळी डिकी नव्हती. मध्यमवर्गाने तिला भरभरून प्रेम दिले, मात्र ‘मोठी गाडी’ म्हटले की डोळ्यांपुढे डिकीवालीच येत राहिली.

मोटार कंपन्यांनी हे मन अचूक ओळखले. १९९० मध्ये आलेली मारुती १००० ही सुझुकीच्या कल्टस या हॅचबॅकची डिकीवाली बहीण होती. गंमत अशी की, मूळ हॅचबॅक आपल्याकडे विकलीच गेली नाही. जास्त पैसे मोजणाऱ्या भारतीयाला डिकी हवीच असणार, हे कंपनीने गृहीत धरले होते. तीच गाडी मोठ्या इंजिनासह १९९४ मध्ये एस्टीम या नावाने आली. १९९९ मधील फोर्ड आयकॉनही युरोपातील फिएस्टा या हॅचबॅकवर बेतलेली होती आणि तिच्या बाबतीतही आपल्या वाट्याला आधी डिकीवाला अवतारच आला.

ही समजूत फक्त आपलीच होती असे नाही. फोक्सवॅगनने गोल्फ या हॅचबॅकला डिकी जोडून १९७९ मध्ये जेट्टा आणली, तर फोर्डने एस्कॉर्टवरून १९८३ मध्ये ओरायन तयार केली. हॅचबॅकमध्ये बसणे ज्यांना पोरकट वाटे, अशा प्रौढ ग्राहकांसाठी त्या होत्या. पुढे पश्चिम युरोपातील ग्राहकाने हॅचबॅक मनापासून स्वीकारली आणि तिथे लहान सेडानांचे महत्त्व ओसरले. तुर्कस्तान, ब्राझील आणि भारत यांसारख्या देशांत मात्र डिकीचा मान टिकून राहिला.

मग कंपन्या सरळ नवी सेडानच का बनवत नाहीत, असा प्रश्न पडेल. उत्तर कारखान्यात आहे. मोटारीच्या पत्र्याचा प्रत्येक भाग दाबून घडवण्यासाठी प्रचंड वजनाचे साचे लागतात आणि त्यांवर मोठी रक्कम खर्च होते. पुढचा सांगाडा, इंजिन, डॅशबोर्ड, पुढचे दरवाजे हे सगळे हॅचबॅककडून तयार मिळाले, तर नवा खर्च फक्त मागच्या भागापुरता उरतो. टाटांनी १९९८ मध्ये आणलेल्या इंडिकावरून २००२ मध्ये पिंपरीच्या कारखान्यात इंडिगो घडवली, ती याच हिशेबाने. चाकांमधले अंतर थोडे वाढवून मागच्या प्रवाशाला पाय पसरायला जागा दिली आणि मागे ऐसपैस डिकी बसवली. रूप इंडिकाचेच होते, पण ऐट वेगळी होती.

चार मीटरची रेषा

इथवर डिकीची लांबी ठरवणे कंपनीच्या हाती होते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने त्यात एक फूटपट्टी आणली. ज्या मोटारीची लांबी चार मीटरपेक्षा जास्त नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घन सेंटिमीटर, डिझेलचे असल्यास १५०० घन सेंटिमीटरच्या आत आहे, तिच्यावरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. उद्देश लहान मोटारींना उत्तेजन देण्याचा होता. कायदा लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर बहुधा हॅचबॅकच असावी. कंपन्यांनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. डिकीसह सगळी मोटारच चार मीटरच्या आत बसवली तर?

२००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली. त्याच वर्षी मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर आली. तिची लांबी ४१६० मिलिमीटर होती, म्हणजे ती सवलतीच्या रेषेबाहेर होती. २०१२ च्या दुसऱ्या पिढीत हीच डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली. कापलेल्या त्या १६५ मिलिमीटरची किंमत डिकीने मोजली. आधी सुमारे ४४० लिटर असलेली तिची जागा ३१६ लिटरवर आली. ग्राहकाने कुरकुर केली नाही, कारण करातील बचत त्याला किमतीत दिसत होती.

मग रांगच लागली. होंडाची अमेझ, ह्युंदाईची एक्सेंट, टाटांची झेस्ट, फोर्डची अ‍ॅस्पायर. २०१६ मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची अमिओ बाहेर पडली. तिची मूळ हॅचबॅक पोलो जवळपास ३९७० मिलिमीटर लांब, म्हणजे डिकीसाठी उरले ते दोन-अडीच सेंटिमीटर! अभियंत्यांना मागचा भाग नव्याने कापून जोडावा लागला आणि पुढचा बंपरही आखूड करावा लागला. जर्मन शिस्तीची एक कंपनी भारतीय करपट्टीपुढे अशी अंग चोरून बसलेली पाहणे हा या मोटारींच्या इतिहासातील मजेदार प्रसंग आहे.

बेढबपणाचे गणित

या मोटारी डोळ्यांना का खटकतात, याचे कारण सोपे आहे. सेडान देखणी दिसते ती प्रमाणामुळे. लांब बॉनेट, मागे हळूहळू उतरणारे छप्पर आणि बॉनेटला तोलून धरणारी डिकी. हॅचबॅकचा आराखडा याच्या अगदी उलट असतो. कमी लांबीत जास्त माणसे बसावीत म्हणून तिचे छप्पर उंच ठेवतात, बॉनेट आखूड करतात आणि मागची चाके जवळपास टोकाला नेतात. या सांगाड्याला डिकी जोडली की उंच छप्पर उतरायला जागाच मिळत नाही. ते मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरून एकदम खाली येते आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या शाळकरी मुलासारखी गाडी दिसू लागते.

रचनाकारांनी यावर नाना उपाय केले. २०१७ च्या टाटा टिगोरमध्ये मागची काच इतकी तिरपी केली की डिकी आणि छप्पर यांची सीमारेषाच पुसट झाली. कंपनीने त्या रूपाला ‘स्टाइलबॅक’ असे नाव दिले. त्याच वर्षीची तिसरी डिझायर अधिक सुबक निघाली. चार मीटरची मर्यादा तीच ठेवून तिची डिकी ३७८ लिटरपर्यंत वाढली. अडचणीच्या जागेत संसार मांडण्याची ही कला मुंबईकराला वेगळी समजावून सांगायला नको.

झाकलेली मूठ

आता उपयोगाकडे वळू. हॅचबॅकचे मागचे दार उघडले की सामान आणि माणसे एकाच खोलीत असतात. सेडानमध्ये मागच्या आसनामागे आडोसा असतो. त्यामुळे मागच्या चाकांचा आवाज थोडा अडतो आणि सुक्या मासळीची पिशवी किंवा पिकलेल्या हापूसची पेटी डिकीत टाकली तर तिचा दरवळ घाटभर सोबत येत नाही. वाटेत जेवायला थांबल्यावर सामान बाहेरून दिसत नाही. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाला या साध्या सोयींचे मोल विचारून पाहावे. मागे बसलेल्या आजीच्या मांडीवर बॅग येत नाही, हेही थोडे नाही.

याला दुसरी बाजू आहेच. हॅचबॅकचे मागचे आसन दुमडून त्यात धुलाईयंत्राचे खोके किंवा मुलाची सायकल घालता येते. सेडानच्या डिकीचे तोंड अरुंद, तिथे हे जमत नाही. सीएनजीची टाकी बसवली की डिकीची निम्मी जागा गेलीच. टाटांनी २०२३ मध्ये टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, त्या याच तक्रारीवर उतारा म्हणून.

टॅक्सीचा शिक्का

ज्याचा रोजचा प्रपंच मोटारीवर चालतो, त्याने हे सगळे गुण इतरांआधी ओळखले. प्रवासी मागे बसणार, विमानतळावरच्या बॅगा डिकीत जाणार, गाडी कमी इंधनात चालायला हवी आणि सुटे भाग गल्लीच्या तोंडावर मिळायला हवेत. या सगळ्या अटी चार मीटरच्या सेडानने पुऱ्या केल्या. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या इंडिगो पुणेकरांना आठवत असतील. पुढे मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची सोय झाली आणि दारात येणारी गाडी बहुतेक वेळा पिवळ्या पाटीची डिझायर असू लागली. मारुतीने तर टॅक्सीसाठी ‘टूर’ ही वेगळी आवृत्तीच काढली.

इथेच या मोटारींच्या नशिबाचा विचित्र पेच आहे. डिकी जोडली गेली ती प्रतिष्ठेसाठी. ती टिकली उपयोगामुळे. आणि त्या उपयोगानेच तिची प्रतिष्ठा गेली. ज्या गाडीतून आपण भाडे देऊन उतरतो, तीच स्वतःसाठी विकत घ्यायची, हे अनेकांना कमीपणाचे वाटू लागले. २०१८ या वर्षात डिझायर ही देशात सर्वाधिक खपाची मोटार ठरली होती. पण तोवर शहरी ग्राहकाचे लक्ष त्याच चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या एसयूव्हींकडे वळले होते. करसवलत तीच, मात्र ऐट डोंगर चढण्याची. त्यानंतर एक्सेंटची जागा ऑराने घेतली, पण झेस्ट, अमिओ आणि अ‍ॅस्पायर काही वर्षांत बाजारातून गेल्या. त्यांना वारस मिळाला नाही.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. मोटार ही मध्यमवर्गीय घरात घराखालोखालची मोठी खरेदी असते आणि तिचे हप्ते वर्षानुवर्षे फेडायचे असतात. उंच गाडीचे काही फायदे निश्चित आहेत. खड्ड्यांतून ती निर्धास्त जाते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात चढ-उतार करणे सोपे पडते. पण अनेकदा तिच्यासाठी मोजलेल्या जादा पैशांतून मिळते ती फक्त चारचौघांतली उंची. टॅक्सीचालक असे पैसे मोजत नाही. रोज दहा-बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाने केलेली निवड हे त्या वाहनाला मिळालेले प्रमाणपत्र असते; आपण मात्र त्याला शिक्का समजतो.

या मोटारींची गोष्ट संपलेली नाही. २०२४ च्या अखेरीस डिझायर आणि अमेझ या दोघींच्या नव्या पिढ्या आल्या. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. मारुतीच्या मोटारीला हा मान प्रथमच मिळाला. तिचा चेहराही स्विफ्टहून वेगळा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली, तेव्हाही लहान मोटारींना १८ टक्के आणि इतरांना ४० टक्के अशी विभागणी करताना चार मीटरची ती जुनी रेषा कायम राहिली.

म्हणजे आखूड डिकी आखूडच राहणार. तिला देखणी म्हणण्याचा आग्रह कोणी धरू नये. पण पुढच्या खेपेला विमानतळावर दोन मोठ्या बॅगा घेऊन आपण टॅक्सीची वाट पाहत उभे असू आणि समोर ती शेपटीवाली मोटार येऊन थांबेल, तेव्हा डिकी उघडल्यावर आपल्याला बरेच वाटेल. असे बरे वाटणे स्वतःची मोटार निवडतानाही हिशेबात धरायला काय हरकत आहे?