हेर्मोनच्या हिमवाटेवर जाण्यापूर्वी

हेर्मोन पर्वतावर बर्फ पडल्याची वार्ता येताच दिमोना, अश्दोद, लोद येथील आपल्या घरांतून मुलांचा हट्ट सुरू होतो. त्यात नवल नाही. कोकणच्या ज्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे आयुष्य गेले, तेथे चार महिने पाऊस कोसळे; हिम मात्र कोणी पाहिले नव्हते. पावसात भिजलेले कपडे अंगावरच वाळवण्याची आपली जुनी सवय हेर्मोनवर प्राणावर बेतू शकते.

तेहिलिममधून परिचित असलेल्या या पर्वताचे शिखर २,८१४ मीटर उंच आहे. याचेच बर्फ वितळून दान, बनियास व हस्बानी या प्रवाहांना पाणी मिळते आणि ते यार्देन नदीने किनेरेत सरोवरात येते. १९६७ पासून इस्राएलच्या ताब्यात असलेल्या उतारावरील पाळणा प्रवाशांना सुमारे २,००० मीटरपर्यंत नेतो. किनेरेत तर समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली आहे. दर हजार मीटर चढावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तिबेरियास येथे १५ अंश उष्णता असताना वर पाणी गोठू लागते.

तथापि नुसत्या थंडीपेक्षा ओल आणि वारा अधिक घातक होत. सुती कपडा घामाने भिजला की अंगातील ऊब ओढून घेतो; लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. म्हणून आत लोकरीचे व बाहेर वारा अडवणारे वस्त्र असावे. चढताना घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवावा, थांबताच पुन्हा घालावा. कोरडे मोजे जवळ ठेवावेत. ताजे बर्फ सूर्यकिरण परावर्तित करते, यास्तव काळा चष्माही हवा.

सोबतचा मनुष्य कुडकुडू लागला, अडखळू वा बोबडे बोलू लागला, तर तो थकला आहे असे समजून बसवून ठेवू नये. त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे उतरवावेत, कोरडे पांघरूण घालावे. शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा. मद्य मुळीच देऊ नये, हातपाय चोळू नयेत. कुडकुडणे थांबूनही ग्लानी वाढली, तर संकट गडद झाले असे जाणून १०१ क्रमांकावर मदत मागावी.

गोलानात भूसुरुंगांची क्षेत्रे आहेत आणि बर्फाखाली त्यांचे कुंपण व फलक झाकले जाऊ शकतात. म्हणून आखलेली वाट सोडू नये. निघण्यापूर्वी ती खुली असल्याची चौकशी करावी.

डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. परतण्याची वेळ घरीच ठरवावी आणि शिखर हाकेच्या अंतरावर दिसले तरी ती मोडू नये. मुले रुसतील, रुसू द्यावीत. पर्वत पुढल्या हिवाळ्यातही तेथेच असेल. आपली मुले सुखरूप घरी यावीत, हे महत्त्वाचे.