सामन, रोहू आणि तापीकाठचा भोई

शेततळे खोदून झाले, आता त्यात मासे सोडावेत का आणि सोडायचे तर कोणते, असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर या लेखाच्या शेवटी दिले आहे. पण आज आपल्या हाती येणाऱ्या मत्स्यबीजामागे एक हकिगत आहे. ती नॉर्वेच्या थंड समुद्राकाठी सुरू होते आणि आपल्या तापीपर्यंत येऊन पोहोचते. सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि कोण रिकाम्या हाताने राहतो, हे त्यावरून नीट कळते. म्हणून आधी ती पाहू.

सामनाची शेती

सामन हा थंड प्रदेशातला मासा. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण रावस निराळा. त्याचे सामनाशी नाते नाही. खरा सामन नदीच्या तळच्या गोट्यांत जन्मतो, वाढण्यासाठी समुद्रात जातो आणि अंडी घालण्याची वेळ आली की बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परत येतो. नॉर्वे, कॅनडा, अमेरिका या देशांतील नदीकाठच्या कित्येक लोकांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या या परतणाऱ्या माशावर चालत आले.

१९७० च्या सुमारास नॉर्वेत सामन पिंजऱ्यांत पाळण्यास सुरुवात झाली. तेथील संशोधकांनी सुमारे ४० नद्यांमधील सामन गोळा केले व त्यांची पिल्ले शेजारी शेजारी वाढवून पाहिली. या कामाचे एक पुढारी हेराल्ड शेर्वोल हे मुळात गायींच्या पैदाशीचे जाणकार. चांगल्या दुभत्या गाईची कालवड आपण ठेवतो; पेरणीसाठी टपोरी कणसे बाजूला काढतो. तेच काम त्यांनी काटेकोर मोजमाप ठेवून माशांवर केले. काही पिढ्यांत पाळीव सामन नदीतल्या सामनाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढू लागला.

हीच विद्या पुढे आपल्या देशात आली. १९९२ मध्ये भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांच्या साहाय्याने रोहू माशावर काम सुरू केले. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा व सतलज या पाच नद्यांतील रोहू आणि संस्थेच्या तळ्यातील रोहू यांच्यातून जलद वाढणारी कुटुंबे निवडली गेली. १९९७ मध्ये स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हे वाण बाहेर आले, म्हणून त्याला ‘जयंती रोहू’ नाव पडले. दर पिढीला त्याची वाढ सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारत गेली. म्हणजे सामनासाठी केलेल्या अभ्यासाचे फळ आपल्या तळ्यात आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तळेवाल्याला काय मिळाले

याच्याही आधी एक अडचण सुटावी लागली होती. रोहू, कटला व मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी पावसाळ्यात नदीतून बीज धरून आणावे लागे. त्यात नको त्या माशांची भेसळ असे आणि दूरच्या वाटेत पुष्कळ बीज मरत असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प माशांची अंडी मिळवली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर गावोगावी बीजकेंद्रे निघाली. आज देशातील मासळीपैकी निम्म्याहून बराच अधिक वाटा गोड्या पाण्यातून येतो, आणि त्यात तळ्यातल्या माशांचा भाग मोठा आहे. ज्याच्याकडे जमीन, पाणी आणि थोडे भांडवल आहे, त्याला या संशोधनाने जोडधंदा दिला. मुलाबाळांच्या ताटात चांगले अन्न आले. हे उपकार लहान नाहीत.

नदीवरच्या माणसाला काय मिळाले

आता दुसरी बाजू पाहू. तापीकाठच्या भोई, केवट, ढीमर बांधवांपैकी बहुतेकांकडे स्वतःचे तळे नाही. त्यांच्याकडे जाळे आहे आणि नदी आहे. तळ्यातला मासा जलद वाढला म्हणून नदीतला मासा वाढत नाही. उलट आंध्रातून बर्फात घालून येणारी तळ्याची मासळी दूरदूरच्या बाजारांत पोहोचते, आणि नदीतल्या चार किलो माशांना तिच्या भावाशी टक्कर द्यावी लागते.

नदीही पूर्वीची राहिलेली नाही. मुलताईहून निघालेली तापी बऱ्हाणपूर ओलांडून खाली जाते, तेथे जळगाव जिल्ह्यात हतनूर व गुजरातेत उकाई ही धरणे आहेत. नर्मदेवर बरगी, इंदिरा सागर व ओंकारेश्वर ही धरणे झाली. या दोन्ही नद्यांतला मानाचा मासा महासीर. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. इंग्रज शिकारी त्याची तुलना सामनाशी करीत. सामनासारखा तो समुद्रात जात नाही, पण अंडी घालण्यासाठी त्यालाही वाहते स्वच्छ पाणी, गोट्यांचा तळ आणि वरच्या अंगाला जाण्यासाठी मोकळी वाट लागते.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेच्या माशांचा बारकाईने अभ्यास केला. तापीच्या पाहणीचा अहवालही १९७६ मध्ये निघाला. त्या वेळी महासीर हा नर्मदेच्या कोळ्यांचा मुख्य मासा होता. पुढे तो इतका दुर्मीळ झाला की २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा ठरवून वाचवण्याची हाक दिली. खरगोन जिल्ह्यात बडवाह येथे वनविभागाने त्याची पैदास करण्याचे काम हाती घेतले. प्रयत्न चांगला आहे. पण पिल्ले सोडली तरी त्यांना राहायला वाहती नदी लागतेच.

अमेरिकेची व नॉर्वेची साक्ष

अमेरिकेच्या कोलंबिया नदीवर हेच आधी घडले. तेथे १९३८ मध्ये बॉनव्हिल आणि १९४२ मध्ये ग्रँड कूली ही धरणे पुरी झाली. सामनाची वाट अडली, तेव्हा सरकारने भरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्रे बांधली आणि संशोधनावर खर्च केला. पण पुष्कळ केंद्रे नदीच्या खालच्या अंगाला होती. वरच्या अंगाच्या आदिवासींच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. १० मार्च १९५७ रोजी सेलायलो धबधब्याची त्यांची हजारो वर्षांची मासेमारीची जागा नव्या धरणाच्या पाण्याखाली गेली. हिरालाल चौधरींच्या यशाला तेव्हा चारच महिने उरले होते. पुढे १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका खटल्यात न्यायाधीश बोल्ट यांनी जुन्या करारांच्या आधारे निकाल दिला की, पकडण्याजोग्या सामनापैकी निम्मा वाटा करारातील आदिवासी जमातींचा आहे. त्यानंतर त्या जमातींनी स्वतःचे मत्स्यतज्ज्ञ नेमले आणि किती मासे धरावेत हे ठरवताना सरकारच्या बरोबरीने बसू लागल्या.

नॉर्वेतही सगळे सुखाचे झाले नाही. पिंजऱ्यांतून निसटलेले पाळीव सामन नदीतल्या सामनात मिसळले, त्यामुळे मूळ जात दुबळी होते असे तेथील शास्त्रज्ञच सांगतात. पिंजऱ्यांभोवती वाढणाऱ्या माशांवरील उवांचाही त्रास आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सामन इतके थोडे परतले की ३३ नद्यांतील मासेमारी अचानक थांबवावी लागली.

आपल्या जवळचे दोन धडे

पहिला धडा लोणावळ्याचा. वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महासीर बीजाचे केंद्र चालवले आणि लाखो पिल्ले देशातील अनेक जलाशयांना दिली. हेतू भला होता. पण तेथील निळ्या पराचा महासीर कर्नाटकातल्या कावेरीत सोडला गेला आणि तो तेथे फोफावला. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महासीर मात्र घटत गेला; आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे. चांगले बीजही चुकीच्या नदीत पडले तर नुकसान करते, हा त्याचा अर्थ.

दुसरा धडा आपल्याच राज्यातील तवा धरणाचा. या धरणात ज्यांची गावे बुडाली, त्या आदिवासींनी झगडून १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला आणि सहकारी संघ स्थापन केला. जलाशय तोच होता. बीज त्यांनी सोडले, मासा त्यांनी धरला, विक्री त्यांनी केली आणि मजुरीही आपसांत वाटली. ठेकेदार मध्ये उरला नाही. २००६ च्या अखेरीस सातपुडा वन्यजीव क्षेत्राच्या कारणाने त्यांचा पट्टा पुढे वाढवला गेला नाही. मासा होता, विद्या होती, पण हक्क कागदावरून गेला तसा घास गेला.

तात्पर्य एवढेच की, संशोधनाने मासा वाढतो. तो कोणाच्या घरी जाईल, हे पाण्यावरचा हक्क आणि नदीचे आरोग्य ठरवते.

आपण काय करावे

१. ज्या तळ्यात निदान पाच फूट पाणी आठ-दहा महिने टिकते, त्यातच मासे सोडावेत. एकरी दोन ते तीन हजार बोटुकली पुरे. शंभरात कटला ४०, रोहू ३० व मृगळ ३० असे प्रमाण ठेवावे. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड सारखी मिसळून द्यावी. तळ्यात प्लॅस्टिक अंथरले असेल तर तळाची माती नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी बनते, म्हणून वरचे खाद्य नियमित द्यावे.

२. बीज सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे. जयंती रोहू मागताना पावती मागावी; नाव सांगून साधे बीज विकणारेही असतात. बीजाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मगच उघडावी.

३. थाई मांगूर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. देशात त्यावर बंदी आहे. तो इतर मासे खातो.

४. तळ्यातला मासा नाल्यात किंवा तापीत सोडू नये. पावसाळ्यात तळे भरून वाहते, त्या सांडव्याला बारीक जाळी लावावी.

५. केळीवरची व कापसावरची औषधे फवारल्यावर पंप नाल्यात धुऊ नयेत. सायपरमेथ्रिनसारखे औषध अगदी थोडे असले तरी माशांना मारते.

६. उन्हाळ्यात नदीतले डोह पंपांनी कोरडे करू नयेत. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मासे त्याच डोहांत जीव धरून असतात.

७. १६ जून ते १५ ऑगस्ट हा आपल्या राज्यात मासेमारी बंदीचा काळ. त्या काळात नदीतला मासा विकत घेऊ नये.

८. गावतळ्याचा पट्टा देण्याचा विषय पंचायतीत निघेल, तेव्हा मच्छीमारांच्या सहकारी समितीला नियमाने प्राधान्य आहे, हे लक्षात ठेवावे. बोली कोणाच्याही नावाची असो, तळ्यावर प्रत्यक्ष कोण बसतो ते विचारावे. ग्रामसभेत आपले मत देण्यास कचरू नये.

आपण केळी पिकवतो आणि भोई मासा धरतो, पण दोघांचे पाणी एकच आहे. आपल्या तळ्यात जयंती रोहू जरूर वाढावा. त्याचबरोबर तापीच्या डोहात मासा राहावा, म्हणजे शेजारच्या घरची चूलही पेटेल.