'चे' कुणाचे?

टी-शर्टवरचा तो दाढीवाला, टोपीवर तारा मिरवणारा चे गव्हेरा ओळखता ना? मग हे माहीत आहे का, की 'चे' हे त्याचं नावच नव्हतं! पाळण्यातलं नाव अर्नेस्तो. आणि 'चे' म्हणजे? चक्क 'अरे'!

अर्जेंटिनात कुणाला हाक मारायची तर 'चे!' आपल्याला आधी 'अरे' की 'अगं' हे ठरवावं लागतं. 'चे'ला ती भानगडच नाही. मित्र असो, मैत्रीण असो, एकच हाक! वाक्याच्या सुरुवातीला चालतं, शेवटी चालतं, आणि आश्चर्य वाटलं तर नुसतं 'चे!'सुद्धा चालतं. आपल्या 'छे!'शी नातं काही नाही हं, पण कानाला किती ओळखीचं!

पठ्ठ्या जन्मला १९२८ मध्ये, रोसारिओ शहरात. हो, मेस्सीचंच गाव! १९५३ मध्ये डॉक्टर झाला आणि भटकत ग्वाटेमालाला पोहोचला. तिथे भेटले क्युबाचे दोस्त. हा दर दोन वाक्यांमागे 'चे, चे' करतोय, त्यांना भारी गंमत! मग काय, त्यांनी त्यालाच 'चे' करून टाकलं.

त्याआधीचं टोपणनाव ऐकलंय? 'फुसेर'! 'फुरिबुंदो' म्हणजे खवळलेला, त्याला जोडलं आईचं आडनाव सेर्ना. रग्बीच्या मैदानावर तो तसाच तुटून पडायचा.

आता खरी कमाल. क्युबातल्या क्रांतीनंतर, १९५९ मध्ये, तो तिथल्या नॅशनल बँकेचा प्रमुख झाला आणि नोटांवर सही ठोकली फक्त 'चे'! आपल्या शंभराच्या नोटेवर गव्हर्नरसाहेबांनी 'अरे' अशी सही केली तर? नोटा जमवणारे आजही या सहीवर फिदा आहेत.

पण मुळात हे 'चे' कुणाचं? इथे दावेदारांची रांगच लागलीय!

दक्षिण अमेरिकेतले मापुचे आदिवासी म्हणतील, आमचं. त्यांच्या भाषेत 'मापू' म्हणजे भूमी, 'चे' म्हणजे माणसं. मापुचे म्हणजे भूमिपुत्रच! त्यांच्यातलेच पेवेंचे म्हणजे पेवेन झाडाची माणसं. या झाडाच्या बिया हे त्यांचं मुख्य अन्न.

तिथल्याच ग्वारानी भाषेत 'चे' म्हणजे 'मी' आणि 'माझं'सुद्धा. 'चे रोगा' म्हणजे माझं घर.

तिकडे स्पेनमधलं व्हॅलेन्सिया हात वर करून उभं! तिथेही बोलता बोलता 'चे' येतंच. तिथल्या फुटबॉल क्लबचं लाडकं नावच 'लोस चे'. शिवाय जुन्या स्पॅनिशमध्ये लक्ष वेधायला 'से, से!' करायचे, तेही एक उमेदवार.

स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश मात्र सरळ सांगतो: माणसांना आणि जनावरांना हाकारायचा आवाज, तोच हा 'चे'. मला हेच सगळ्यात पटतं. हाक मारायला व्याकरण कशाला हवं?

आणि 'चे' स्पॅनिशपुरतंही उरलेलं नाही! ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, लोक बोलतात पोर्तुगीज, पण हाक मारतात 'चे!' तिथे तर 'चे म्युझिक' नावाचा नाचरा संगीतप्रकारच आहे. लावा प्लेलिस्टवर!