उपवासकाळ व ईस्टरकाळातील शास्त्रचिंतन (कॅथलिक परंपरा)

उपवासकाळ व ईस्टरकाळ या दोन पर्वांत कॅथलिक ख्रिस्तसभेच्या उपासनेत बायबलमधील ठरावीक उतारे क्रमाने वाचले जातात व त्यांवर प्रवचन, मनन आणि प्रार्थना केली जाते. उपवासकाळाचा (यास प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात) आरंभ भस्म बुधवारी होतो आणि तो पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्साविधीपर्यंत चालतो. ईस्टर रविवारपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस हा ईस्टरकाळ होय. या काळातील वाचने सुट्या बोधकथांप्रमाणे निवडलेली नाहीत. प्रायश्चित्ताबरोबरच बाप्तिस्म्याची तयारी हे त्यांना जोडणारे प्रमुख सूत्र आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या शतकांत प्रौढ वयात ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या दीक्षार्थींना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देण्याचा प्रघात रूढ झाला. त्यापूर्वीचे आठवडे उपवासाचे व शिक्षणाचे असत. जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी चौथ्या शतकात अशा दीक्षार्थींना दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. पुढे बालकांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला, तेव्हा उपवासकाळाचे प्रायश्चित्ताचे अंग ठळक राहिले आणि बाप्तिस्म्याचे अंग मागे पडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयक दस्तऐवजात ही दोन्ही अंगे पुन्हा एकत्र आणण्याचा निर्देश दिला. त्यानुसार १९६९ साली नवा वाचनसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात रविवारच्या वाचनांचे अ, ब आणि क असे तीन वर्षांचे चक्र आहे.

भस्म बुधवार

या दिवशी योएल संदेष्ट्याचे आवाहन वाचले जाते. लोकांनी वस्त्रे नव्हे, तर अंतःकरण फाडून देवाकडे वळावे, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर मत्तयकृत शुभवर्तमानातील दानधर्म, प्रार्थना व उपवास यांविषयीचा उतारा येतो. ही तिन्ही कृत्ये लोकांना दिसावीत म्हणून करू नयेत, असे येशू त्यात सांगतो. ज्या दिवशी भाविकांच्या कपाळाला राख लावली जाते, त्याच दिवशी उपवासाचे प्रदर्शन टाळण्याचा उपदेश वाचला जातो. हा विरोधाभास अनेक प्रवचनांचा विषय होतो. बाह्य खूण ही अंतरीच्या पालटाची आठवण आहे, त्याला पर्याय नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो.

रविवारची वाचने

पहिल्या रविवारी अरण्यातील येशूची परीक्षा आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरील त्याचे रूपांतर हे प्रसंग तिन्ही वर्षी वाचले जातात. 'अ' वर्षी पुढील तीन रविवारी योहानकृत शुभवर्तमानातील तीन दीर्घ प्रसंग येतात. दीक्षार्थी असल्यास ते कोणत्याही वर्षी वाचता येतात.

* शोमरोनी स्त्री (अध्याय ४) : भर दुपारी विहिरीवर आलेल्या परक्या समाजातील स्त्रीकडे येशू पाणी मागतो. संभाषणाच्या ओघात तहान कोणाची व पाणी कोणते, हाच प्रश्न उलटतो. येथे बाप्तिस्म्याच्या पाण्याचा संकेत मानला जातो.
* जन्मांध मनुष्य (अध्याय ९) : दृष्टी लाभलेला मनुष्य येशूला आधी केवळ माणूस, मग संदेष्टा म्हणतो आणि शेवटी त्याच्यावर श्रद्धा ठेवतो. याउलट, आपल्याला दिसते असे समजणारे अधिकाधिक आंधळे ठरतात.
* लाजरस (अध्याय ११) : मृत लाजरस येशूच्या हाकेने कबरीबाहेर येतो, पण त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेलेच असतात. ईस्टर सकाळच्या वाचनात मात्र येशूची प्रेतवस्त्रे रिकाम्या कबरीत पडलेली आढळतात. लाजरसाला पूर्वीचेच मर्त्य जीवन परत मिळाले, येशूचे पुनरुत्थान मात्र त्याहून वेगळे आहे, हा भेद चिंतनात महत्त्वाचा ठरतो.

'क' वर्षी चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला वाचला जातो.

पवित्र आठवडा

पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग वाचतात. शुक्रवारी यशयाच्या ग्रंथातील दुःखसहन करणाऱ्या सेवकाचे गीत आणि योहानकृत दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो. या वृत्तान्तात येशूच्या विरोधकांसाठी वारंवार 'यहूदी' हा शब्द येतो. इतिहासात त्याचा आधार घेऊन संपूर्ण यहूदी समाजावर दोषारोप करण्यात आला व त्यातून द्वेष पसरला. तत्कालीन सर्व यहूद्यांना किंवा आजच्या यहूद्यांना येशूच्या मृत्यूबद्दल दोषी धरता येत नाही, असे व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे या उताऱ्यावर प्रवचन करताना ही दक्षता घेणे आवश्यक मानले जाते.

शनिवारी रात्रीच्या जागरणविधीसाठी जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. गरजेनुसार त्यांची संख्या कमी करता येते. परंतु तांबडा समुद्र पार केल्याचे निर्गममधील वाचन वगळता येत नाही. त्यानंतर नवदीक्षितांचा बाप्तिस्मा होतो. इतर भाविक हाती पेटती मेणबत्ती घेऊन आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांची पुनरुक्ती करतात. संपूर्ण उपवासकाळातील चिंतनाची परिणती या प्रश्नोत्तरांत होते.

ईस्टरकाळ

या काळात मिस्साविधीतील पहिले वाचन जुन्या कराराऐवजी 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातून घेतात. लूककृत शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंग शास्त्रचिंतनाचा आदर्श मानला जातो. निराश झालेल्या दोन शिष्यांना एक अनोळखी सहप्रवासी शास्त्राचा अर्थ सांगतो. तो येशू आहे, हे त्यांना भाकर मोडताना उमगते. आधी वचन व मग भाकर, हाच मिस्साविधीचाही क्रम आहे.

चिंतनाची पद्धत

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत, उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाने एक ग्रंथ घेऊन तो क्रमाने पूर्ण वाचावा, असे सांगितले आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन संन्यासी दुसरे गिगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या. वैयक्तिक शास्त्रचिंतनात त्या आजही अनुसरल्या जातात.

मराठीतील परंपरा

जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचे जीवन, दुःखसहन व पुनरुत्थान यांचे कथन आहे. व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषांतून मिस्साविधी होऊ लागला. वसई परिसरातील कॅथलिक समाजात ही वाचने मराठीतून होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मुळे हे उतारे सामान्य मराठी वाचकालाही सुलभ झाले आहेत.