सातबाऱ्यावरील लक्ष्मी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी आपण लक्ष्मीपुढे साळीच्या लाह्या ठेवतो. ती साळ लावताना जिचे पाय चिखलात रुतले, त्या गृहलक्ष्मीचे स्मरण किती घरांत होते?

संस्कृतात ‘सीता’ म्हणजे नांगराने पडलेली रेघ. ऋग्वेदात तिला देवता म्हणून आवाहन केले आहे. वाल्मीकिरामायणात भूमी नांगरताना तीच जनकाला कन्यारूपाने लाभते. मात्र व्यवहारात लावणी, खुरपणी, वेचणी स्त्रीकडे आणि नांगर व सातबारा पुरुषाकडे, अशी आपली रूढी पडली.

ती मोडण्यास पुण्याजवळील आंबेठाण येथे शेती करणारे शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुढे सरसावले. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियानात अनेक शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. हे दान नव्हे, तिच्या श्रमांची ऋणफेड, हीच त्यामागील भावना होती. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरीच्या सीतामंदिराचा जीर्णोद्धारही जोशींच्याच पुढाकाराने झाला.

२००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला पुत्राइतकाच हक्क दिला. तरीही भाऊबीजेला ओवाळणारी बहीण कित्येकदा हक्कसोडपत्रावर सही करूनच सासरी परतते. ओवाळणीचे लुगडे हे का त्या भूमीचे मोल?

भाविकहो, ज्यांचे गावी शेत आहे, त्यांनी यंदा चौरंगावर वहीशेजारी सातबाराही ठेवावा. त्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव नसेल, तर आपली पूजा अजून अपुरी आहे, असे समजावे.