डाग ओळखा, मग साबण उचला

पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडतं, घाईघाईने त्यावर साबण चोळला जातो आणि पिवळा डाग जायचा सोडून डोळ्यांदेखत तांबडा होतो. मग घासाघाशी वाढते, दुसरा साबण येतो, ब्रश येतो आणि शेवटी कापडच विरतं. वास्तविक तिथे बिघडलेलं काहीच नसतं. हळदीला पिवळेपणा देणारा घटक म्हणजे करक्युमिन. आम्लात किंवा साध्या पाण्यात ते पिवळं राहतं, आम्लारीत तांबूस होतं. आणि साबण असतो आम्लारिधर्मी. मुका मार लागला की हळद-चुना कालवून लावतात, तो लेप लाल होतो तोही यामुळेच. शाळेच्या प्रयोगवहीत हळदीची नोंद ‘नैसर्गिक दर्शक’ म्हणून होते, तीही याच गुणापायी.

लाल झालेल्या डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा दिसतो, पण जात नाही. तो घालवायचा तर करक्युमिनचे दोन स्वभाव ध्यानात घ्यावे लागतात. एक, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतं. फोडणीत पडलेली हळद तेलाचं बोट धरूनच धाग्यात उतरते. म्हणून आधी सांडलेलं वरण चमच्याने उचलून घ्यावं, डागावर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून बोटांनी हलकेच चोळावं आणि तेल सुटू द्यावं. दुसरा स्वभाव असा, की करक्युमिन उन्हात टिकत नाही. सूर्यप्रकाशात त्याचा रेणू तुटतो आणि त्याबरोबर रंगही जातो. धुतलेला कपडा ओला असतानाच, डागाची बाजू वर करून कडक उन्हात पसरला की उरलासुरला पिवळेपणा फिका पडत जातो. एका उन्हाने भागलं नाही तर दुसरं द्यावं. आम्लारीत करक्युमिनचं विघटन आणखी लवकर होतं, त्यामुळे ‘साबण लाव आणि उन्हात टाक’ हा घरोघरच्या आज्यांचा सल्ला रसायनशास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरतो.

घरच्या साफसफाईतला बराचसा गोंधळ डाग न ओळखल्यामुळे होतो. डाग म्हणून जे दिसतं ते कधी तेल असतं, कधी प्रथिन, कधी रंगद्रव्य, तर कधी धातूचा क्षार. प्रत्येकावरचा उतारा वेगळा. तो ठाऊक असला तर मोरीच्या फळीवरच्या निम्म्या बाटल्यांची गरजच उरत नाही.

खरकट्या पाण्यावरचं संशोधन

तेल आणि पाणी यांचं नातं उलगडण्यात घर सांभाळणाऱ्या एका तरुणीचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांना विज्ञानाची विलक्षण ओढ होती, पण त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. आजारी आई-वडिलांची शुश्रूषा आणि घरकाम त्यांच्या वाट्याला आलं. भांडी घासताना पाण्यावर पसरणारा तवंग आणि साबणाने बदलणारा पाण्याचा पृष्ठभाग त्यांनी स्वयंपाकघरातच मोजायला घेतला. पत्र्याचं एक उथळ, लांबट पात्र पाण्याने काठोकाठ भरायचं, त्यावर एक पट्टी आडवी ठेवायची आणि ती सरकवत तवंगाला मिळणारी जागा कमी-जास्त करायची. पाण्यावर टेकवलेली एक छोटी चकती वर उचलायला किती जोर लागतो, ते तराजूने पाहायचं. एवढ्या साहित्यावर त्यांनी पृष्ठताण मोजला.

धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडची पुस्तकं त्या वाचत. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं इंग्लंडमधले शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी अशाच पात्राची सुधारलेली आवृत्ती वापरून संशोधन केलं. पृष्ठरसायनातल्या कामाबद्दल त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पॉकेल्स यांना मानद डॉक्टरेट दिली.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाच्या बारीक थेंबांना हे रेणू चहूबाजूंनी वेढतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. तळणाची कढई आधी जुन्या कागदाने पुसून, कोरडी असतानाच तिला लिक्विड लावलं तर ते थेट तेलाला भिडतं. आधीच पाणी ओतलं की पातळ होऊन त्याचा जोर ओसरतो. एक्झॉस्ट फॅनवरचा चिकट, तपकिरी थर मात्र निव्वळ तेल नसतो. हवा आणि उष्णता लागून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि डिंकासारखे घट्ट होतात. तिथे गरम पाण्यात कालवलेला धुण्याचा सोडा कामी येतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र तो लावू नये. आम्लारी या धातूला खाते आणि भांडं काळवंडतं.

गरम पाणी कधी टाळावं

खरचटलेल्या गुडघ्याचं रक्त पँटला लागलं किंवा बाळाने दूध काढलेलं दुपटं धुवायला घेतलं, की पहिल्यांदा हात जातो गरम पाण्याकडे. तिथेच फसगत होते. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांत प्रथिनं असतात आणि प्रथिनं उष्णतेने थिजतात. उकळत्या पाण्यात अंडं जसं घट्ट होतं, तसाच डाग धाग्यात घट्ट बसतो. आधी गार पाणी, मग साबण, हाच क्रम योग्य.

अशा डागांसाठीच डिटर्जंटमध्ये विकरं म्हणजे एन्झाइम घालतात. ओटो र्‍योम या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातली विकरं कपडे धुण्यासाठी वापरण्याची कल्पना मांडली. आज ती जीवाणूंपासून मिळवतात. विकरं प्रथिनांचे तुकडे करतात, पण त्यांना वेळ लागतो. कोमट पाण्यात अर्धा तास कपडे भिजवले तर पावडरीतल्या विकरांचे पैसे वसूल होतात. उकळत्या पाण्यात विकरंच निकामी होतात, कारण तीही प्रथिनंच.

रेशीम आणि लोकरसुद्धा प्रथिनंच. विकरांची किंवा कडक आम्लारीची पावडर त्यांच्या धाग्यांवरच घाला घालते. पैठणीला रिठ्याचं पाणी का, याचं उत्तर इथे आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते फेस करतं, मळ सोडवतं, पण साबणासारखं आम्लारिधर्मी नसतं. सोनारही दागिना उजळायला रिठाच घेतात.

खारं पाणी आणि कडाप्प्याचा ओटा

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी करडी साय बनवतात. तीच बादलीच्या कडेला आणि कपड्यांवर बसते. डिटर्जंटला हा त्रास फार कमी होतो. भारतात १९५९ मध्ये ‘सर्फ’ आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ स्वस्तात विकायला सुरुवात केली, तेव्हा खाऱ्या पाण्याच्या गावांतल्या बायकांचे कष्ट किती हलके झाले असतील, याची कल्पना बोअरचं पाणी वापरणाऱ्याला सहज येईल.

नळावर आणि गीझरमध्ये साचणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तो आम्लात विरघळतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाच्या तोंडाला तासभर गुंडाळून ठेवलं की थर भुसभुशीत होतो. पण हीच युक्ती ओट्यावर करू नये. कडाप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड आहेत. कापलेलं लिंबू कडाप्प्यावर उपडं राहिलं तर तिथे पांढुरका, खरखरीत वर्तुळाकार ठसा उमटतो. तो डाग नव्हे. तिथला दगडच झिजलेला असतो. तो कितीही पुसला तरी जात नाही, तिथे पॉलिशच करावं लागतं.

तांब्या-पितळेची गोष्ट उलट. त्यांच्यावरचा काळसर थर ऑक्साइडचा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं, खालच्या धातूला फारसा धक्का लावत नाही; चिमूटभर मीठ घातलं की काम झपाट्याने होतं. मात्र नंतर भांडं स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करावं. आम्ल आणि मीठ राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवी झाक दिसते.

पावसाळ्यातला कुबट वास

जुलैमध्ये घरात वाळत घातलेल्या कपड्यांना धुऊनही वास येतो, कारण धुण्यातून तगून राहिलेले जीवाणू ओलीत वाढत राहतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये या वासामागचा एक प्रमुख जीवाणू दाखवून दिला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. सुगंधी द्रव्याने वास झाकला जातो, जीवाणू राहतोच. कपडे लवकर वाळवणं हा खरा उपाय. मशीनमध्ये दुसऱ्यांदा पिळून घ्यावेत, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवावं, पंखा लावावा. ज्या सुती कपड्यांना सोसतं ते कडकडीत पाण्यात धुवावेत आणि कडक इस्त्री करावी.

दोन बाटल्या एकत्र करू नका

मोबाइलवर फिरणाऱ्या युक्त्यांमध्ये खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांची जोडी फार लोकप्रिय आहे. फसफसणारा फेस पाहून काहीतरी जबरदस्त घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं बहुतांशी सोडियम ॲसिटेटचं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोगी, एकत्र केले तर वाया.

ही नासाडी परवडली, पण संडास-बाथरूममध्ये होणारी चूक परवडत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या इप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये ब्लीच पडलं तर क्लोरामाइन तयार होतात, तेही फुप्फुसांना घातक. दार लावून फरशी घासणाऱ्या माणसाला डोळ्यांची आग, घशाला ठसका आणि छातीत जडपणा जाणवला, तर ‘जरा उग्रच आहे’ म्हणत काम पुढे रेटू नये. पाणी ओतायला किंवा बादली उचलायलाही न थांबता तिथून बाहेर पडावं, दार उघडं ठेवावं, मोकळ्या हवेत यावं आणि श्वासाचा त्रास थांबला नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. कामाला येणाऱ्या मावशींच्या हाती या बाटल्या देण्याआधी, कुठल्या दोन कधीच एकत्र करायच्या नाहीत हे त्यांना दाखवून सांगणं घरमालकाचं काम आहे, कारण बाटलीवरची बारीक इंग्रजी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही.