वीज टिना पाहून पडत नाही

काटोल-नरखेडकडे एप्रिल-मे महिन्यात अवकाळी वादळ होऊन गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोठ्यावर टिना टाकल्या, म्हणून वीज पडली." टिना वीज ओढत नाहीत. भोवतालापेक्षा उंच आणि एकटं जे असेल, त्यावर ती पडण्याची शक्यता जास्त. वावरातलं एकटं मोहाचं झाड, विजेचा खांब, टेकाडावरचा कोठा. असा कोठा गवताने शाकारला तरी धोका तेवढाच, वर आगीची भर.

घोळ होतो तो छप्पर टिनाचं आणि खांब लाकडी बल्ल्यांचे असतात तेव्हा. छतावर आलेल्या प्रवाहाला जमिनीची वाट सापडत नाही, मग तो खाली उभ्या बैलावर उडी घेतो. म्हणून टिना काढू नका, जमिनीशी जोडा. निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून जाड जीआय पट्टी सरळ खाली आणून अर्थिंगला जोडायची. अर्थिंगचे खड्डे दारापासून आणि जनावरं उभी राहतात तिथून दूर हवेत. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. छतावर तडितरोधकाचा दांडा लावला तरी हेच: अर्थिंग नसलेला तडितरोधक म्हणजे नुसता उंच केलेला खांब.

गावात टॉवरवर तडितरोधक आहे, म्हणून शेतावरचा कोठा सुरक्षित, हाही भ्रमच. ढोबळ हिशेबाने तडितरोधक आपल्या उंचीएवढ्याच परिघात आडोसा देतो. दहा मीटरचा असेल तर भोवतालचे दहा मीटर.

आता जनावरांचं. झाडाखालच्या पाच-सहा शेळ्या एकदम गेल्या की लोक म्हणतात, वीज कळपावर पडली. बहुधा ती झाडावर पडलेली असते आणि जमिनीतून पसरते. बुंध्यापासून जसजसं दूर जावं तसतसा विजेचा दाब उतरत जातो, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या पायांखाली तो वेगवेगळा असतो. गाईच्या या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर. प्रवाह एका बाजूने चढतो, छातीतून जातो, दुसरीकडून उतरतो. माणूस पाय जुळवून उभा असेल तर हा फरक फार कमी पडतो. नॉर्वेत ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच वादळात ३२३ रेनडिअर एका माळावर मेले, तेही याच कारणाने असं मानलं जातं.

तेव्हा आभाळ भरून आलं की जनावरं झाडाखाली घेऊ नका, तारेच्या कुंपणालाही बांधू नका. रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेली झटका मशीनची तार दूर पडलेली वीजही तुमच्यापर्यंत आणू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच दावं सोडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते गुराख्याच्याही फोनमध्ये असावं. मोबाइल वीज खेचतो म्हणून तो बंद करण्यात अर्थ नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, हे आजीच्या गोष्टीपुरतं ठीक. वीज लागलेल्याला शिवलं तर शॉक बसतो आणि त्याला शेणात पुरलं तर तो वाचतो, या दोन समजुती मात्र जीव घेतात. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा.

वीज लागून मेलेल्या जनावरावर खूण असतेच असं नाही. कधी तोंडात अर्धवट चावलेला चारा तसाच असतो. त्यामुळे पुरण्याची घाई करू नका. तलाठ्याला कळवा, पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. २०२२ च्या आपत्ती निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये मदत आहे, आणि ती या कागदांशिवाय मिळत नाही.